छतावरून गेलेलं विमान

काशीत दुर्गाघाटच्या आमच्या घरात त्या हिवाळ्यात एरंडेलाचा वास भरून राहिला होता. कुणाचं पोट बिघडलं नव्हतं. माझ्या विमानाच्या इंजिनाला मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून पाजावं लागे, आणि ते मिश्रण मी आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ढवळत बसायचे. इंजिन मुठीएवढंच, पण एकदा सुरू झालं की गच्चीवरची माकडं उड्या मारत दोन घरं पलीकडे जायची आणि धुराबरोबर तेलाचे बारीक थेंब उडून माझ्या कुर्त्यावर बसायचे. ते डाग कशानेच निघत नसत. आई म्हणायची, "लहानपणी चमचाभर एरंडेल पाजायचं तर तुझं नाक दाबावं लागायचं मला. आता बाटल्याच्या बाटल्या आपणहून आणतेस." बाबा काही म्हणायचे नाहीत. ते पेपर थोडा वर धरायचे, म्हणजे मी समजायचे की मुलीच्या जातीने विमानं उडवावीत की नाही, हा प्रश्न त्यांनी आजपुरता पुढे ढकलला आहे.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि एनसीसीच्या हवाई शाखेत होते. आम्हाला विमानांची मॉडेलं बनवायला शिकवणारे मास्टरजी वायुसेनेतून निवृत्त झालेले. त्यांचे हात आता थरथरत असल्यामुळे त्यांना बारीक काम होत नसे. माझं ब्लेडचं काम त्यांना पसंत पडलं आणि त्यांनी आपला जुना रेडिओ, म्हणजे लांब एरियल असलेला हातातला डबा आणि विमानात बसवायच्या चार छोट्या मोटारी, माझ्या हवाली केला. "बिटिया, तीन मोटर से जहाज उड़ जाएगा. चौथी का क्या करोगी, वो तुम सोचो," असं ते म्हणाले. विचार करायला मला एक रात्रही लागली नाही. माझा दादा मुगलसरायला रेल्वेत नुकताच लागला होता आणि त्याने आपोआप रीळ पुढे सरकवणारा एक छोटा कॅमेरा घेतला होता. चौथी मोटार त्या कॅमेऱ्याचं बटण दाबणार, असं मी ठरवलं. कॅमेरा माझा नाही, दादाचा आहे, एवढी एकच अडचण होती. दादाला मी आठ दिवस भंडावून सोडलं. शेवटी तो म्हणाला, "गंगेत पडला तर मागून तूही उडी मारायचीस," आणि कॅमेरा दिला.

आम्ही ज्या घरात राहायचो त्याच्या भिंतीला भिंत लागून एक वेदपाठशाळा होती. पहाटे साडेचारला तिथली पंधरा-वीस मुलं संहिता म्हणायला लागत, आणि आमच्या घरातले सगळे त्या आवाजावर दात घासत, चहा पीत, भांडत. गुरुजींचं कुटुंबही त्या पाठशाळेच्या घरातच राहायचं. त्यांच्या धाकट्या भावाची बायको म्हणजे मंदाकाकू. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या असतील. लग्न होऊन साताऱ्याहून थेट काशीच्या गल्लीत आलेल्या. आमचं मराठी हिंदीत भिजलेलं. त्यांचं मात्र स्वच्छ, कोरडं, वाळवून ठेवल्यासारखं. मी "गली में गाय बसलीये" म्हटलं की त्या हसून हसून लोळायच्या. त्यांचे केस गुडघ्यापर्यंत होते. त्या घरात बायका दोनच, मंदाकाकू आणि त्यांच्या सासूबाई, आणि चौकात मात्र कायम मुलं, गुरुजी, आलेगेले यजमान. न्हाणीघर त्याच चौकात, दार म्हणजे एक पत्रा. काकू तिथे पहाटे मुलं उठायच्या आत दोन तांबे घाईने अंगावर घेत. पण रविवारी साडेअकराला गुरुजी सगळ्या मुलांना घेऊन गंगेवर जात, सासूबाई देवळात जात, आणि तो एक तास काकूंचा. गरम पाण्याची बादली घेऊन त्या छतावर जायच्या. त्यांचं छत गल्लीत सगळ्यांत उंच, चहूबाजूंनी छातीइतकी भिंत, कुठूनही कुणाला दिसायची सोय नाही. तिथे उन्हात बसून त्या निवांत न्हायच्या, केस धुवायच्या, वाळवायच्या. "आठवड्यात माझा वार एकच बघ," असं त्या मला म्हणाल्या होत्या. हे मला ठाऊक होतं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

विमान बांधायला मला दोन महिने लागले. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या फळ्या कलकत्त्याहून रेल्वेने यायच्या. जेवायच्या खोलीतल्या लांब मेजावर विमानाचा नकाशा पसरायचा, वर मेणकागद, आणि त्यावर टाचण्यांनी एकेक फासळी टोचून पंख चिकटवायचा. गोंद सुकेपर्यंत कुणी मेज हलवायचं नाही, त्यामुळे घरातली माणसं त्या हिवाळ्यात ताट मांडीवर घेऊन चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, खायची. पंख साडेपाच फुटांचा झाला, तेव्हा तो आमच्या जिन्याच्या वळणावर वळेना. म्हणून तो काढघाल करता येईल असा रबरबँडनी बांधायचा ठरलं. सांगाड्यावर ताणायला रेशीम हवं होतं. मदनपुऱ्यातल्या एका विणकराकडून दादाने अगदी तलम, पांढऱ्या रेशमाचे उरलेले तुकडे आणले. ते जोडायचे कसे हे मला येईना. ते काम मंदाकाकूंनी केलं. त्या दुपारी येऊन बसायच्या आणि इतकी बारीक शिवण घालायच्या की बोट फिरवलं तरी लागायची नाही. मग आम्ही दोघी दोन बाजूंनी रेशीम ताणून धरायचो आणि मी वर लॅकर लावायचे. लॅकरच्या वासाने डोकं चढायचं. काकूंना तो वास आवडायचा. एकदा कॅमेऱ्यासाठी विमानाच्या पोटाला ठेवलेल्या भोकातून बोट घालत त्यांनी विचारलं, "यातून काय काय दिसेल गं?" मी फुशारकीने म्हटलं, "सगळं. घाट, देवळं, नावा, पार रामनगरपर्यंत." त्या म्हणाल्या, "मी बारा वर्षं इथे राहते, पण हे गाव सबंध कधी पाहिलंच नाही. आला फोटो की आधी मला दाखव." विमान पुरं झालं त्या दिवशी त्यांनी त्याच्या नाकाला हळदकुंकू लावलं.

उडवायचं ते गंगेच्या पलीकडे, रेतीवर. हिवाळ्यात पाणी उतरलं की तिथे मैलभर सपाट वाळू असते, झाड नाही की तार नाही. आम्ही नावेतून पंख उभा धरून जायचो आणि नाववाला दर वेळी विचारायचा, "ई चिरई आज उड़ी कि नाहीं?" पहिल्या दोन रविवारी त्याची ती चिरई, म्हणजे पाखरू, उडाली खरी, पण इंजिनाच्या कंपनाने सगळे फोटो हलले. मग मी जुन्या रजईतला कापूस कॅमेऱ्याखाली दाबून भरला. विमान आपल्यापासून दूर जातं तेव्हा डावं ते डावं, पण आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की हातातल्या डब्यावरची काडी उलटी चालते; त्या गोंधळात एकदा मी ते दादाच्या अंगावरच घातलं होतं. हळूहळू हात बसला. फोटो कधी काढायचे याबद्दल मास्टरजींनी एकच गोष्ट बजावली होती. सकाळी गल्ल्यांमध्ये सावल्या पडतात आणि सगळं काळं येतं. म्हणून ऊन डोक्यावर आलं की काढायचे. पुढच्या रविवारी आम्ही तसंच केलं. धुकं अकरापर्यंत उठलं. दादाने पंखा फिरवून इंजिन सुरू केलं, विमान वाळूवरून धावून उचललं, आणि मी ते नदीवरून सरळ आमच्या मोहल्ल्याकडे नेलं. पलीकडे ते डासाएवढं दिसत होतं. खाली काय आहे ते मला दिसत नव्हतं. मी फक्त काडी दाबत होते आणि मोजत होते. माझ्या मनात प्रकाश होता, उंची होती, इंधनाची टाकी होती. रविवार आहे, हे मला कॉलेजला सुट्टी आहे एवढ्यापुरतंच माहीत होतं.

रीळ धुऊन यायला आठ दिवस गेले, कारण चौक बाजारातल्या स्टुडिओवाल्याचं मशीन बंद पडलं होतं. छत्तीसपैकी चौतीस फोटोंत रेती, आकाश आणि तिरपी गंगा. एक अर्धा. आणि एक असा आला की स्टुडिओवाल्याने न विचारता त्याची वहीच्या पानापेक्षा मोठी प्रत काढून ठेवली होती. त्यात पंचगंगेपासून ब्रह्माघाटापर्यंतची सगळी छतं, मधल्या सुतासारख्या गल्ल्या, पायऱ्या, पायऱ्यांच्या टोकाला नावा, सगळं स्वच्छ आलं होतं. बाबांनी तो फोटो हातात घेतला आणि पेपर खाली ठेवला. त्यांनी तो दोनदा खिडकीपाशी नेला. मग टोपी घातली, बाहेर गेले, तासाभराने परत आले आणि म्हणाले, "आपल्या सभागृहात लावायचा. भिंतीएवढा करून. संक्रांतीला सगळे जमतात तेव्हा. मी खिळाही ठोकायला सांगितलाय." आमच्या मराठी समाजाच्या सभागृहाचे ते चिटणीस होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खाली नाव घालू. वसुधाने काढला म्हणून." माझं नाव त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकायची मला सवय नव्हती. मी इतकी सुखावले की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आज इतक्या वर्षांनी शिक्षिका म्हणून मिळालेली प्रशस्तिपत्रं माझ्या कपाटात पडून आहेत, पण त्या एका वाक्याच्या आसपास त्यांतलं एकही येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाबांचं पंचांग वाचायचं भिंग घेऊन फोटोवर बसली. तिला आपली तुळस आणि वाळत घातलेले पापड शोधायचे होते. पापड सापडले, तशी ती हसली. मग भिंग थोडं उजवीकडे सरकलं आणि थांबलं. मग तिने मला बोलावून भिंग माझ्या हातात दिलं. मंदाकाकूंचं छत पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं. त्यात मधोमध पाटावर बसलेली एक बाई, उघडी पाठ, उघडे खांदे, पुढे सोडलेले लांब केस, बाजूला उन्हात चमकणारी बादली. मान वर केलेली. चेहरा कळत नव्हता, आणि कळायची गरजही नव्हती. सभागृहात येणाऱ्या प्रत्येकाला ते छत कुणाचं हे माहीत होतं, आणि ते केस कुणाचे हेही.

"अँटेना फिरवायला चढणारा माणूससुद्धा आधी तीनदा ओरडतो," आई हळू आवाजात म्हणाली. "छत पर आ रहे हैं, पर्दा कर लीजिए. मिस्त्री ओरडतो. पतंग काढायला चढणारा ओरडतो. मग थांबतो. तू ओरडलीस?" मी म्हटलं, "आई, मी तर नदीच्या पलीकडे होते." ती म्हणाली, "तू पलीकडे होतीस. तुझा डोळा इथे होता." आमच्या मोहल्ल्यात हा नियम कुणी कुणाला शिकवत नसे, चालायला लागलं की तो येत असे. मी स्वतः कितीतरी वेळा ओरडून वर चढले होते. मला तोंड वर करायची लाज वाटत होती. आई एवढंच म्हणाली, "बाबांना मी काही सांगणार नाही. फोटो तुझा आहे. काय करायचं ते तू बघ."

संक्रांतीला चार दिवस होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो काही भला नव्हता, आणि आता या वयात तो लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, तेवढं एक तिकिटाएवढं छत काळ्या शाईने भरून टाकावं. सावली पडलीये म्हणायचं. कुणाला कळणार? नाव राहील, बाबांचा खिळा राहील, काकूंनाही काही कळायचं कारण नाही. मी बारीक कुंचला घेऊन बसलेही. पण मोठी प्रत करायची ती निगेटिव्हवरून, आणि तिथे शाई भरायला स्टुडिओवाल्याला बोट ठेवून सांगावं लागणार की इथे, या बाईवर. म्हणजे त्याने जे अजून नीट पाहिलं नसेल ते मी त्याला भिंगातून दाखवणार. कुंचला धुऊन ठेवला. मला त्या दिवशी स्वतःचा राग आला तसा नंतर फार क्वचित आला.

संध्याकाळी, मुलं संध्येला बसलेली असताना, मी फोटो आणि निगेटिव्हची पट्टी एका पुस्तकात घालून मंदाकाकूंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात तीळ भाजत होत्या. मी पुस्तक उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "आठ दिवस वाट बघतेय तुझी."

त्या कढईतले तीळ हलवत राहिल्या. "आवाज ऐकला तेव्हाच वर पाहिलं मी. पोटाचं भोक मला माहीत होतं ना. शिवण मीच घातलेली. पळणार कुठे? टॉवेल खुंटीवर, खुंटी जिन्यात."

"काकू, मला दिसत नव्हतं. खरंच. मला माहीत नव्हतं की..."

"तुला रविवार माहीत होता," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांनी मला उठवलंही नाही आणि समजूतही घातली नाही. तीळ उतरवून ठेवले, हात पुसले आणि फोटो मागितला. आधी आपलं छत बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घाटाच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली. एकेक गल्ली बोटाने चालत वर आल्या. भाजीवालीचा कोपरा, दुधाचं दुकान, देवळाचा कळस. "एवढंसंच आहे होय आपलं सगळं," असं स्वतःशीच म्हणाल्या. शेवटी स्वतःच्या छतावर बोट आलं तेव्हा तिथे त्यांनी ते नुसतं टेकवून ठेवलं. "आणखी कुणी पाहिलं?" मी खरं ते सांगितलं: भिंगातून आईने आणि मी; स्टुडिओवाल्याने, बाबांनी आणि दादाने फोटो पाहिलाय, पण भिंगातून नाही. मग मी निगेटिव्हची पट्टी पुढे केली. तिच्यावर चार फोटो होते. त्यांनी ती दिव्यासमोर धरून पाहिली, कात्री आणली आणि नेमका तोच एक चौकोन कापून बाकीची पट्टी मला परत दिली. चौकोन आणि फोटो शेगडीत घातले. फोटोची कड वळायला लागली तेव्हा म्हणाल्या, "चांगला आला होता गं." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

बाबांना मी फोटो आता नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "काढायला नको होता." त्यांनी आईकडे पाहिलं, आईने भाजीकडे पाहिलं, आणि त्यांना काही तरी उमगलं असावं, कारण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. संक्रांतीला सभागृहात आम्ही तिळगूळ वाटला. भिंतीवर नुसता खिळा होता. कुणीतरी त्याला छत्री अडकवली.

पण तेवढ्याने मिटलं नव्हतं. फोटो काढला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंदाकाकूंच्या छतावर निळी ताडपत्री चढली होती. ती मला आमच्या गच्चीवरून रोज दिसायची आणि त्या आठ दिवसांत मी समजत होते की माकडांसाठी बांधली असेल. आता तिचं कारण कळलं होतं. फोटो जाळून तिच्यात काही फरक पडला नाही. पौष गेला, माघ अर्धा गेला, ऊन चढत गेलं, आणि दर रविवारी साडेअकराला बादली त्या निळ्या सावलीत जायची. केस वाळायला आता संध्याकाळ व्हायची, म्हणून त्या ओलेच बांधायच्या, आणि महिनाभर त्यांना सर्दी होती. भिंतीपलीकडून त्यांची शिंक ऐकू यायची. मी रेडिओ विमानासकट मास्टरजींना परत केला. ते म्हणाले, "डर गईं?" मी नाही म्हटलं. आमच्या गावात आता लग्नाच्या वरातीवरसुद्धा चार पंख्यांचे कॅमेरे घोंघावतात. मागच्या वर्षी मी गेले होते तेव्हा दुर्गाघाटच्या पायऱ्यांवर बसून मी त्यांतला एक बराच वेळ पाहत होते. तो प्रत्येक छतावर थोडा थोडा थांबत होता. खाली कुणी ओरडलं नाही.

फाल्गुन लागला तेव्हा एका शनिवारी काकूंच्या सासूबाई आईकडे हळद मागायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "वसूला उद्या साडेअकराला पाठव. मंदीने बोलावलंय." मी रात्रभर तळमळले. मला वाटलं, राहिलेलं आता ऐकून घ्यावं लागणार. दुसऱ्या दिवशी मुलांचा घोळका गल्लीतून घाटाकडे गेला, आणि मी जिन्याच्या खालून तीनदा ओरडले. वरून काकू म्हणाल्या, "ये."

त्या ताडपत्रीच्या एका कोपऱ्याची दोरी सोडत होत्या. गाठ पक्की बसली होती. मी दुसरा कोपरा सोडला. तिसरा आणि चौथा दोघींनी मिळून सोडला, ताडपत्री घडी करून भिंतीशी ठेवली, आणि सबंध छतावर ऊन आलं. काकूंनी पाट मांडला, बादलीत हात घालून पाणी पाहिलं. मग मला जिन्याच्या दाराशी नेऊन, भिंतीकडे तोंड करून, स्वतःकडे पाठमोरी बसवलं.

"तू वर बघत बस," त्या म्हणाल्या. "काही आलं तर मला सांग."

मी वर बघत बसले. मागे पहिला तांबा पाटावर सांडल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा, मग केसांतून पाणी निथळल्याचा. आकाशात दोन घारी होत्या आणि खूप उंचावर एक पतंग. मान दुखायला लागली तरी मी ती खाली घेतली नाही. त्यानंतर ऊन तापेपर्यंतचा प्रत्येक रविवार मी तिथे तशीच बसले.